गप्प बसलेला रेडिओ

१२ जानेवारी, दुपारी, दुकानातून

सासूबाई,

नमस्कार, लांबूनच. जवळून करायची सोय तुम्ही ठेवलेली नाही.

माझं अक्षर ओळखून तुम्ही हे पाकीट न उघडताच बाजूला टाकाल अशी धास्ती होती, म्हणून वरचा पत्ता समोरच्या औषधवाल्याकडून लिहून घेतला. त्याचं अक्षर त्याला स्वतःलाही वाचता येत नाही. तेव्हा पत्र पोचलं असेल तर आपण दोघांनी पोस्टमनचे आभार मानायला हवेत. आधी फोन केला होता. तुम्ही उचललात, मी बराच वेळ बोललो, आणि मग माझ्या लक्षात आलं की तुम्ही तो केव्हाच ठेवून दिलाय.

बातमी अशी, की तुमची चिमटी आई होणार आहे. तिसरा महिना चालू आहे.

खरं तर इथे चार ओळी आनंदाच्या यायला हव्यात. आनंद आहेच. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाची अर्धीच दाढी करून त्याला खुर्चीतून उठवलं, आणि तो बिचाराही माझं ऐकता ऐकता तसाच घरी गेला. बायकोने दार उघडल्यावर त्याला कळलं. पण त्या आठवड्यापासून चिमटीच्या उलट्या सुरू झाल्या, आणि आनंदाला बसायला जागाच उरली नाही.

या उलट्या सकाळी उठल्यावरच्या नुसत्या मळमळीसारख्या नाहीत. जेवली की होते, नाही जेवली तरी होते. पाणी प्यायली की होते, आणि हल्ली पाण्याच्या तांब्याकडे नुसतं बघितलं तरी होते. गाल बसलेत, बांगडी कोपरापर्यंत वर जाते. डोळ्याला भिंग लावलं की तिला गरगरतं, म्हणून माझ्या दुकानाच्या खिडकीतलं तिचं टेबल बंद आहे आणि लोकांची घड्याळं पेटीत पडून आहेत.

ते टेबल म्हणजे आपल्या भांडणाचं मूळ, हे मी विसरलेलो नाही. “जिथे केस उडतात तिथे घड्याळ उघडणारी माझी मुलगी नाही,” असं तुम्ही म्हणालात, त्याला आता तीन वर्षं होतील. तुमच्या घड्याळाच्या दुकानातलं, तुमच्या शेजारचं टेबल सोडून तिने माझ्या सलूनमध्ये टेबल टाकलं, हा तुमच्या मते घड्याळाचा अपमान होता. मध्ये मी छतापर्यंत काच बसवून घेतली आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. एक केस पलीकडे जात नाही. पण तुम्ही बघायला याल तर ना!

इथे सगळे वैद्य झालेत. खुर्चीत बसणारा प्रत्येक जण मानेभोवती कापड बांधून घेता घेता एक उपाय सांगतो. आल्याचा रस. लिंबू हुंगा. उठायच्या आधी अंथरुणातच कोरडं बिस्कीट. एकाने सांगितलं, बायकोच्या उशाशी नवऱ्याचा सदरा ठेवा. ठेवला. तिने तो खिडकीतून खाली टाकला.

कारण सगळ्यात मोठं दुखणं मीच आहे, सासूबाई. दिवसभर ती कशीबशी पडून असते. मी संध्याकाळी घरी जातो, दारातून आत पाऊल टाकतो, आणि पुढच्या मिनिटाला ती बादलीवर वाकलेली असते. माझ्या अंगाला दुकानाचा वास येत असणार. पावडर, लोशन, दाढीचा फेस, हे सगळं बारा महिने माझ्या अंगात मुरलेलं. आता तिच्याजवळ बसायचं तर मी बसू शकत नाही, आणि दुसरं कुणी बसायला नाही.

म्हणून लिहितोय. तुम्ही याल का? तीच म्हणाली, आईला बोलाव.

तुमचा,
जावई (गिऱ्हाइकं मला रेडिओ म्हणतात, तुम्ही काय म्हणता ते मी ऐकून आहे)

ता. क. वरची शेवटची ओळ खोटी आहे. ती म्हणाली, “आईला कळवलंस तर याद राख.” पण हे म्हणताना ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. तेव्हा ते वाक्य कसं वाचायचं ते तुम्हीच ठरवा.


२४ जानेवारी, दुपारी

सासूबाई,

तुमचं कार्ड मिळालं. “डॉक्टरांना दाखवलं का?” एवढीच ओळ. खाली सही नाही, वर मायना नाही. तरी मी ते आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं होतं, आणि दाढी करता करता तीन-चार जणांना दाखवलंसुद्धा. माझ्या सासूबाईंचं पत्र, म्हणून.

दाखवलं. उशिराच दाखवलं, आणि त्याबद्दल डॉक्टरीणबाईंनी माझी बिनपाण्याने केली. आमच्या धंद्यात हे दुसऱ्याचं करायचं काम असतं. “सगळ्यांनाच होतं, चौथ्यात थांबेल, असं मला लोक म्हणाले,” असं मी सांगत होतो, तर त्या म्हणाल्या, “लोकांना सांगा, हा आजार आहे. हिच्या अंगात पाणी उरलेलं नाही. हिला घरी ठेवून लिंबू हुंगवत बसलात?” मग सलाईन लावलं. दोन दिवस तिथेच होतो. सलाईन अर्धं गेल्यावर तिच्या ओठांना रंग आला, आणि तिने पहिल्यांदा काय विचारलं असेल? “त्या बँकेतल्या बाईंचं घड्याळ मिळालं का त्यांना?”

आता गोळ्या आहेत, बाळाला चालणाऱ्या. थोडं थोडं, गार गार, थोड्या थोड्या वेळाने खायचं. वास असेल ते टाळायचं. बर्फाचा खडा चोखला तर तो बऱ्याचदा राहतो. परवा एक उकडलेला बटाटा मीठ लावून दिला, तो संध्याकाळपर्यंत पोटात राहिला. त्या बटाट्याचं मला इतकं कौतुक वाटलं, की दुकानात येईल त्याला त्याची हकिकत सांगत होतो.

वासाचा बंदोबस्त मात्र मी पुरता केला आहे. लोशनच्या बाटल्या गेल्या. पावडर गेली. फेसाचा साबण बिनवासाचा आणला. मास्तर येतात ना रोज मिशा कातरायला, निवृत्त झालेले, ते आत येऊन नाक वर करून म्हणाले, “हे सलून आहे की पोस्ट ऑफिस?” घरी जायच्या आधी मी दुकानाच्या मागे नळाखाली आंघोळ करतो, थंडीचे दिवस असूनही. कपडे बदलतो. इतका धुतला गेलोय की आरशात मीच मला फिकट दिसतो.

आणि इतकं करून काल घरी गेलो. दार उघडलं, तिच्याजवळ बसलो. ती माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, जिंकलो! म्हणून बटाट्यावर मास्तर काय म्हणाले, औषधवाल्याची सासू कशी आली नि कशी गेली, बँकेतल्या बाईंचं काय झालं, असं एकेक सांगायला घेतलं. दोन मिनिटं झाली नसतील, तोवर ती बादलीवर.

आता अजून काय धुवायचं, सांगा. कातडी तेवढी राहिली आहे.

तुमचा,
बिनवासाचा जावई

ता. क. कार्ड आरशातून काढलं आहे. चिमटी उद्या-परवा दुकानात यायचं म्हणतेय, आणि तुमचं अक्षर ती लांबूनही ओळखेल.


५ फेब्रुवारी

सासूबाई,

“घरात तुम्ही किती बोलता?”

वा! मी विचारतो वासाचं, तुम्ही विचारता तोंडाचं. कार्ड वाचलं तेव्हा मला आधी राग आला. रागाने मी ते औषधवाल्याला दाखवलं. तो वाचून इतका वेळ हसला की त्याच्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळलं. मग तुमचा विचार खोटा पाडायचाच असं ठरवून संध्याकाळी घरी गेलो. आंघोळ मुद्दाम केली नाही. जुना, वासाचा सदरा अंगात तसाच. फक्त तोंडात मिठाची गुळणी धरली.

आत गेलो, तिच्या पायाशी बसलो. तिने विचारलं, “काय झालं?” मी मान हलवली. ती वाट बघत राहिली, मी छताकडे बघत राहिलो. माझ्या पोटात शब्दांचा नुसता कालवा चालला होता, पण ओठ शिवलेले. थोड्या वेळाने ती उठून बसली. तिने टोस्टचा तुकडा मागितला. तो खाल्ला. दुसरा मागितला.

काही झालं नाही, सासूबाई! बादली जागची हलली नाही.

मला हसावं की रडावं ते कळेना. आठवडेच्या आठवडे मी स्वतःला दगडावर घासत होतो, आणि दोष होता माझ्या जिभेत. मी कागदावर लिहून तिला विचारलं, “माझा आवाज?” तिने वाचलं आणि ती रडायला लागली, आणि रडता रडता हसायला लागली. म्हणाली, “कोणताही आवाज, रे. तांब्यावर चमचा वाजला तरी ढवळतं. पण तुझा सगळ्यात जास्त, कारण तो थांबतच नाही.”

“मग सांगायचं नाही?” मी लिहिलं.

“कसं सांगणार? तू मेला असतास.”

मग तिने जे सांगितलं, ते तुम्हाला लिहावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. लिहितो. ती म्हणाली, “आमच्या घरात फक्त घड्याळं बोलायची. तुझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा वाटलं, इथेच राहावं, हा माणूस बोलतच राहील. त्याच माणसाला आता कुठल्या तोंडाने सांगू, की गप्प बस?”

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहिलेलं नाही. मला मात्र हे ऐकून आकाश ठेंगणं झालं, आणि त्याच वेळी हे कळलं की ते साजरं करायलासुद्धा तोंड उघडायची बंदी आहे.

डॉक्टरीणबाईंना मी हा शोध ऐकवला. त्या म्हणाल्या, “होतं असं. वास, आवाज, उजेड, काहीही सहन होत नाही. गप्प बसा, चांगलंच आहे. पण तुमच्या गप्प बसण्याने आजार जात नाही. गोळ्या चुकवू नका.”

तर आता मी घरात मुका आणि दुकानात दुप्पट बडबड्या झालोय. उरलेलं तुम्हाला लिहितो. कुठेतरी सांडायला हवंच ना?

एक मात्र सांगा. तुम्हाला इतक्या लांबून कसं कळलं?

तुमचा,
तोंड मिटलेला जावई


१९ फेब्रुवारी

आई,

तिला पुन्हा ॲडमिट केलंय. पाणीसुद्धा राहत नाही. काल म्हणाली, आता माझ्याने नाही होणार.

या.


३ मार्च, आमच्या घरातून, पुढच्या खोलीतून मागच्या खोलीकडे

आई,

एकाच घरात राहून सासूला पत्र लिहिणारा जावई मी पहिलाच असेन. पण बोलायची बंदी आहे, आणि तुम्ही तर बंदी नसतानाही बोलत नाही. म्हणून हे पत्र तुमच्या चहाच्या कपाखाली सरकवून ठेवतोय. चहा गार चालतो तुम्हाला, हे माझ्या ध्यानात आलंय.

आधी तुमच्या येण्याबद्दल. मला वाटलं होतं, तुम्ही उतराल ते थेट हॉस्पिटलात धावाल. मी दारात उभा राहून वाट बघतोय, आणि औषधवाला सांगत येतो, “तुमच्या दुकानात एक बाई काचेमागे बसल्यात आणि कुणाशी बोलत नाहीत.” मी पळत आलो. तुम्ही टेबल पुसून काढलं होतं, पेटी उघडली होती आणि बँकेतल्या बाईंचं घड्याळ दुरुस्त करत होतात. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “हात रिकामे घेऊन काय जायचं तिच्यासमोर?” तुम्ही काचेवर बोट फिरवून बघितलंत तेही मला दिसलं. केस नव्हता. कबूल करा.

मग तुम्ही तिच्या खाटेशी गेलात. मी दारातच थांबलो होतो, हे तुम्हाला माहीत नसेल. मला वाटलं, आता तीन वर्षांचं सगळं बाहेर पडणार, रडारड होणार. तुम्ही ते घड्याळ तिच्या हातात ठेवलंत. तिने ते कानाला लावलं. चालतंय, अशी मान हलवली. मग तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि तिच्या पायावर हात ठेवलात. बस, एवढंच. कुणी सॉरी म्हटलं नाही, कुणी कुणाला माफ केलं नाही. मी असतो तर एवढ्याला दोन तास घेतले असते.

त्या दिवशी ती दुपारभर झोपली. किती दिवसांनी!

तेव्हापासून, आणि आता तिला घरी आणल्यावरही, बघतोय. तुम्ही तिच्याजवळ बसता तेव्हा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. बर्फ कापडात गुंडाळून फोडता, म्हणजे आवाज नको. गोळीची वेळ झाली की तिच्या तळहातावर गोळी ठेवता. कलिंगडाच्या फोडी गार करून तिच्या हाताला लागतील अशा ठेवून निघून जाता, खा म्हणत नाही. आणि ती खाते! मी म्हणायचो, “खा ना, एक घास, माझ्यासाठी, बाळासाठी, मास्तरांसाठी.” आता कळतंय की मी तिला किती भंडावून सोडत होतो.

परवा माझ्याकडून घोळ झाला, त्याची माफी मागायची आहे. ती जेवली होती, गालावर रंग होता, मला राहवलं नाही. मास्तरांची एक गंमत सांगायला गेलो, अगदी हळू आवाजात. तिला पुढे रात्रभर जो त्रास झाला तो तुम्हीच निस्तरलात. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं. मी ठरवलंय, आता पुन्हा नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन थोडं वाढलंय आणि बाळाचं सगळं ठीक आहे. पोटातल्या ठोक्यांचा आवाज तुम्हाला ऐकवला तेव्हा तुम्ही डोळे मिटून घेतले होते. तुम्ही काय मोजत होतात ते मला ठाऊक आहे. धंद्याची खोड.

जेवायला काय करू ते या कागदामागे लिहून ठेवा.

तुमचा,
पुढच्या खोलीतला


२२ एप्रिल, दुकानातून

आई,

तुम्ही परत गेलात तेव्हापासून काचेमागचं टेबल पुन्हा रिकामं दिसायचं, ते आजपासून दिसणार नाही. चिमटी दुकानात आली! भिंग लावलं. गरगरलं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं हातातलं घड्याळ उघडलं आणि सगळ्यात आधी काय केलं असेल, तर तुमच्या नावाने बोटं मोडली. म्हणे, आईने माझे सगळे चिमटे उलटे लावून ठेवलेत.

जायच्या आदल्या दिवशी तुम्ही दोघी त्या स्प्रिंगवरून भांडलात ना, तुम्ही म्हणत होतात अशी बसवायची, ती म्हणत होती तशी. मी भिंतीआडून ऐकत होतो. ऐकून मला इतका आनंद झाला की मी तोंडावर हात दाबून मागच्या जिन्यात जाऊन नाचून आलो. शेजारच्या काकूंनी बघितलं. त्यांना मी सांगितलं, माझी बायको आणि सासू भांडतायत. त्यांना काही कळलं नाही.

उलट्या पूर्ण थांबलेल्या नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणतात, काहींना शेवटपर्यंत थोड्याफार राहतात, गोळ्या लगेच सोडायच्या नाहीत. पण आता ती जेवते. काल भात मागून घेतला, वर पुन्हा घेतला. मी माझ्या पानातलाही तिला वाढला. पोट दिसायला लागलंय. बाळ लाथा मारतं तेव्हा ती माझा हात ओढून तिथे ठेवते.

घरात शांतता आहे. चांगलंच आहे. ती तिचं काम करते, मी माझं. पातेली मी अजून कापडावरच ठेवतो. ती काही विचारते, मी हो-नाही म्हणतो. सवय झाली आहे दोघांना. दुकानात मात्र रेडिओ चालूच आहे, काळजी नसावी.

जुलैच्या शेवटी याल ना? खाट दाराजवळ घालतो, तुम्हाला वारा लागतो तिथे.

तुमचा,
जावई


२१ सप्टेंबर, घरातून

आई,

तुम्ही पोचल्याचं कार्ड मिळालं. “पोचले. बाळाला थंडीत टोपी.” या वेळी खाली “आई” अशी सही आहे. हे कार्ड मी सर्वांसमोर आरशात लावलंय.

आता मूळ मुद्दा. हॉस्पिटलच्या बाकावर तुम्ही मला जे सांगितलंत, ते मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. चिमटीलाही नाही, औषधवाल्यालाही नाही. माझ्या आयुष्यातला हा विक्रम आहे. ते मी बरोबर ऐकलं ना, म्हणून इथे पुन्हा लिहून काढतो. चुकलं असेल तर कळवा.

आत तिला कळा येत होत्या. आपण दोघं बाहेर. मी इतका घाबरलो होतो की माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आणि तुम्ही बोलायला लागलात, समोरच्या भिंतीकडे बघत. “हिच्या वेळी मलाही असंच झालं होतं. ह्यांना शिट्टी वाजवायची सवय. जिना चढताना, हात धुताना, सारखी. मला ती ऐकू आली की ढवळून यायचं. एकदा मी ओरडले, बंद करा ती शिट्टी. त्यांनी केली. लगेच केली. मग ही झाली, मी बरी झाले, जेवायला-खायला लागले. पण आता वाजवा, असं म्हणायचं माझं राहूनच गेलं. त्यांना वाटलं, मला आवडत नाही. मला वाटलं, त्यांचीच हौस संपली. असं करत करत वर्षं गेली. ही शाळेत होती तेव्हा ते गेले. हिने बापाची शिट्टी कधी ऐकली नाही.”

तुम्ही भिंग पुसता तसे पदराने डोळे पुसलेत आणि माझ्याकडे वळलात. “तू हल्ली घरात बोलत नाहीस. माझं लक्ष आहे.” तोवर मला तुम्ही ‘तुम्ही’ म्हणायचात. “तिला बरं वाटून किती महिने झाले. ती बोल म्हणेल म्हणून वाट बघत बसू नकोस. ती माझी मुलगी आहे, ती म्हणायची नाही.”

तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला. केवढा मोठा! नर्स म्हणाली, मुलगी झाली, घसा चांगला आहे. तुम्ही माझ्याकडे बघून पहिल्यांदा मोठ्याने हसलात.

तर आता सांगतो, मी काय केलं. तुम्ही होतात तोवर माझी हिंमत झाली नाही. काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून घरी आलो. चिमटी खिडकीशी बसून एक घड्याळ उघडत होती. बाळ खाटेवर जागं होतं आणि छताकडे बघत होतं. मी बाळाजवळ बसलो. म्हटलं, आता बोलायचं. पण गंमत बघा, ज्या माणसाला झोपेतही गप्प बसता येत नव्हतं, त्याला घरात एक शब्द सुचेना. चार भिंती मला ओळखत नव्हत्या. घसा खाकरला, त्या आवाजाचीही भीती वाटली. चिमटीने मान वर केली नाही.

मग बाळाने माझ्याकडे बघितलं. नीट, टक लावून, खुर्चीत नवीन बसलेलं गिऱ्हाईक आरशातून बघतं तसं. माझी जीभ आपोआप सुटली. म्हटलं, “बाईसाहेब, तुम्हाला ठाऊक आहे का, आज मास्तर दुकानात आले ते एका बाजूची मिशी नसलेले? स्वतःच कातरायला गेले, चष्मा न लावता. आणि मला म्हणतात कसे, गेलेली बाजू वाढवून दे!” बाळाला गंमत वाटली असावी, तिने पाय झाडले. मी पुढे सांगत गेलो. बोलता बोलता आवाज चढला, हात चालायला लागले, मास्तरांसारखं नाक वर करून दाखवलं.

आणि एकदम भान आलं. खिडकीशी काहीच आवाज नव्हता. चिमटीचे हात थांबले होते. सगळे महिने एका क्षणात आठवले. मी बोलायचा थांबलो आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायला लागलो, कुठे पांढरा पडतोय का, ओठ मिटतायत का.

तिने भिंग काढून ठेवलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

“थांबलास का?” ती म्हणाली. “मिशीचं पुढे काय झालं?”

मग काय, आई! मिशीचं सांगितलं, मग औषधवाल्याचं, मग बँकेतल्या बाईंचं, मग मार्चपासून साठलेलं सगळं. अंधार पडला तरी दिवा लावायचं सुचलं नाही. बाळ मध्येच झोपून गेलं, तिच्या आईला हसून हसून उचकी लागली, दुकान दुपारपासून बंदच राहिलं आणि अर्ध्या मिशीचे मास्तर पुन्हा आले ते कुलूप बघून परत गेले.

आता एक अडचण झाली आहे. आजही सकाळपासून बोलतोय, आणि अजून जुलैपर्यंतसुद्धा पोचलो नाही. यापुढे तुम्हाला पत्र लिहायला वेळ मिळेल असं मला दिसत नाही. जे काही असतं ते घरातच बोलून संपतं. ऐकायचं असेल तर तुम्हालाच यावं लागेल.

तुमचा,
रेडिओ